तुलनागट

रबाळ्याच्या त्या कारखान्यात
कायम कामगारांना बारा आठवडे योगा,
कँटीनमध्ये मोड आलेले मूग,
मनगटाला पावलं मोजणारा काळा पट्टा.
ठेकेदाराच्या माणसांना काहीच नाही,
म्हणजे माझ्या अहवालात ते तुलनागट.

शेवटच्या दिवशी वजनकाटा मांडला.
कायमवाल्यांचं सरासरी सहाशे ग्रॅमनं उतरलं.
एचआरच्या बाईंनी पेढे मागवले.

मग पॅकिंगच्या हौसाबाई सुरवाडे
चपला काढून काट्यावर चढल्या,
देवळाची पायरी चढावी तशा.
चार किलो कमी.
त्यांच्यामागून दिगंबर. तीन.

"काय केलंत?" मी पेन उघडून.
"काय करनार? दिवाळीची आर्डर. डबल पाळी."

"झोप किती तास?"
"कुठली? दिवसाची का रातची?"
फॉर्मवर चौकट एकच होती.

खिडकीत पारसिकचा डोंगर,
एका बाजूनं खणून काढलेला.

रात्री नेरूळला तक्ता भरताना
हौसाबाईंची ओळ अपवाद म्हणून वगळली.
सरासरी लगेच शहाण्यासारखी वागू लागली.
चहा केला. प्यायले नाही.
ओळ परत घेतली,
आणि 'इतर निरीक्षणे' या रकान्यात,
जो कुणी वाचत नाही,
लिहिलं :
चपला काढून चढल्या.