आकडा

आमच्या घराच्या कपाळातून एक तुळई बाहेर आली आहे,
तिच्या टोकाला लोखंडी आकडा.
ॲम्स्टरडॅमच्या या कालव्यावर असा आकडा घरोघरी,
कारण जिने म्हणजे शिड्याच, उभे आणि अरुंद.
कुणी चढत असेल तर दुसऱ्यानं वरच थांबून
शीळ घालायची, ही आमच्याकडची रीत.
कपाट, पलंग, कोळशाची शेगडी,
सगळं खिडकीतून आत आलं.
दर्शनी भिंत म्हणूनच जरा पुढे झुकलेली,
वर चढणारं सामान तिला घासू नये.
पाहुण्यांना वाटतं, घर पडतंय.
बाबा म्हणायचे, पडत नाही,
वाकून बघतंय कोण आलं ते.

दारावर दगडात साल कोरलंय, सोळाशे सत्तर.
त्यातला सात कुणीतरी दुरुस्तीत नवा बसवला,
तो बाकीच्यांपेक्षा गोरा दिसतो.
मला वाटायचं, मी सात वर्षांची झाले
म्हणून धुतला असेल.

पियानो चढला तो दिवस मला आठवतो.
दोराला चार माणसं,
आणि मधल्या मजल्याशी आल्यावर
हिल्ट्ये आत्यानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून
हवेत लटकलेल्या पियानोची एक पट्टी दाबली.
खालून जाणाऱ्या नावेतली माणसं वर बघू लागली.
पुढे तो कुणी शिकलं नाही.
हिवाळ्यात त्यावर मोजे वाळायचे.

दलालीण आली, तिनं मापं घेतली.
तिच्या यंत्राचा लाल ठिपका भिंतीवरून फिरला,
आईनं पेन्सिलीनं माझी उंची लिहिली होती
तिथं जरा थरथरला,
आणि चार मीटर बारा, असं ती म्हणाली.
मग तिनं किमतीचा आकडा सांगितला.
माझा भाऊ सीत्से खुर्चीत बसला.
मी उभीच राहिले, खुर्ची एकच उरली होती.
"या भागात घर मिळतच नाही हो हल्ली,"
ती म्हणाली,
जणू आम्हीच इतकी वर्षं अडवून ठेवलं होतं.

बाबांना हलवलं ते नोव्हेंबरात.
सगळ्यात वरची खोली त्यांनी शेवटपर्यंत सोडली नव्हती,
आणि आता पाय गेलेले,
जिन्यात स्ट्रेचर वळेना.
अग्निशमन दल आलं, क्रेन आली,
गल्ली बंद झाली,
सायकलवाले घंटा वाजवून वाजवून थकले.
खिडकीची चौकट काढली.
बाबांना पट्ट्यांनी बांधलं, नाकापर्यंत ब्लँकेट,
आणि ते कपाटासारखे बाहेर आले.

ज्या घरात ते एकोणऐंशी वर्षं दारानं आले-गेले
त्याच्या कपाळासमोर ते आडवे तरंगत होते.
मी खाली, मान दुखेपर्यंत.
त्यांनी ब्लँकेटमधून एक हात सोडवला,
लांब केला,
आणि आकड्याला लावला.

सोबतच्या मुलीनं, नौरा नाव होतं तिचं,
क्रेन थांबवायला खूण केली.
आजोबा, दुखतंय का कुठं?
बाबांनी बोटं बघितली. तांबूस झाली होती.
तेल द्यायला हवं होतं, म्हणाले,
गेल्या वर्षी राहून गेलं.

हे तिनं मला नंतर सांगितलं, हेल्मेट काढून,
आणि मग रस्त्यावरचे लाल कोन गोळा करायला गेली.

सही गुरुवारी आहे.
घेणारं जोडपं काल पुन्हा येऊन गेलं.
त्यांचा फ्रिज दोन दारांचा, जिन्यातून जाणार नाही,
त्याची त्यांना फार काळजी.
निघताना नवरा हळूच म्हणाला,
आकडा पक्का आहे ना?
थोडं इकडंतिकडं करू, सीत्से म्हणाला.

मी वर पाहिलं.
पक्का आहे, म्हटलं.
तेवढं तेलाचं बघा.