शिडी

हॅलिफॅक्सच्या आमच्या उतरत्या गल्लीत
शेजारच्या केनेथनं ह्यांची शिडी नेली,
त्याला अकरा वर्षं झाली.
रोज चहाबरोबर हे त्याला शिव्या घालायचे,
अस्सल सातारी;
आणि कुंपणावरून, "गुड मॉर्निंग, केनेथ!"

हे गेले, त्याच्या तिसऱ्या दिवशी
केनेथ दारात. खांद्यावर शिडी,
पायऱ्या पुसलेल्या, एक तर नवीनच बसवलेली.
"सॉरी," म्हणाला, "जरा उशीर झाला."

मला हसूच फुटलं. मग ते आवरेना,
मग ते हसू राहिलं नाही.
तो बिचारा शिडी धरून उभा.

म्हटलं, ने परत.
माळ्यावर चढणारं आता आहे कोण इथं?
आणि हे बघ, लगेच आणून देऊ नकोस.
चहाबरोबर मला काहीतरी लागतं.