पुरी आणि फुरी

कुतायसीच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
एतेरी कागदाची पट्टी धरते
ओतियाच्या ओठांपासून चार बोटांवर.
मी कोपऱ्यात, स्टुलावर, वही घेऊन.
शिकाऊ डॉक्टर, तिसरं वर्ष.

जॉर्जियन भाषेत पुरी म्हणजे पाव.
फुरी म्हणजे गाय.
गाय म्हणताना फुप्फुसातून वारा वर येतो,
कागद हलतो.
पाव म्हणताना गळ्याचं दार आतून लावून घ्यायचं
आणि तोंडात उरलेली घोटभर हवा
ओठांनी फोडायची, तव्यावर चणा फुटतो तशी.
कागद जेमतेम शहारतो.

ओतियाने चाळीस वर्षं
विहिरीसारख्या खोल मातीच्या भट्टीत
कंबरेपासून वाकून, डोकं आत घालून
भिंतीवर कणकेच्या होड्या थापल्या
आणि खिडकीतून ओरडला : पुरी, पुरी, गरम आहे.
मार्चमध्ये त्याचं स्वरयंत्र काढलं.
आता तो श्वास घेतो गळ्याच्या खळीतल्या भोकातून,
त्यावर गॉजचा चौकोनी पडदा.

"फुरी," एतेरी म्हणते.
तो ओठ मिटतो, जोर लावतो, उघडतो.
कागद ढिम्म.
खाली गॉजचा पडदा मात्र फडफडतो.
शाळेत घोकलं होतं मी,
क अल्पप्राण, ख महाप्राण, ग, घ.
महाप्राणालाही वाट चुकता येते
हे कुठल्याच बाईंनी सांगितलं नव्हतं.

"पुरी," एतेरी म्हणते.
आणि टप्.
उ नाही, र नाही, ई नाही, नुसता प,
कोरडा, अख्खा.
फुप्फुसाची गरजच नव्हती त्याला कधी.
गाय गेली, पाव राहिला.
"गाय तर आपल्याकडे नव्हतीच," त्सिउरी म्हणते,
आणि या महिन्यात पहिल्यांदा त्याची बायको हसते.

स्वर आता पोटाच्या वाटेवरून उसने आणायचे.
हवा गिळायची, अन्ननलिकेच्या तोंडाशी थोपवायची
आणि ढेकर द्यायचा, ओठांना आकार देऊन :
गोल केले तर उ, ताणले तर ई.
तो लाजतो. साठीचा माणूस, दोन बायकांसमोर.
मी सांगतो, आमच्याकडे जेवणारा ढेकर देतो
आणि म्हणतो, अन्नदाता सुखी भव.
एतेरी ते त्याला समजावते.
अन्नदात्याला तिने कुठला शब्द वापरला, कळत नाही,
पण ओतिया स्वतःच्या छातीवर बोट ठेवतो.

मग पाटीवर लिहितो :
तुझ्या गावात पावाला काय?

भाकरी, मी म्हणतो.
एतेरीच्या तोंडून बाकरी येतं, मग पाकरी, मग खोकला.
भ त्यांच्याकडे नाहीच.
त्याला घोष लागतो आणि प्राणही,
दोन्ही एकदम, ओठांच्या एकाच उघडण्यात.
ज्याच्या तोंडापर्यंत यातलं काहीच पोचत नाही
तो उठून माझ्यापाशी येतो
आणि दोन बोटं, भट्टीच्या जुन्या डागांची,
माझ्या कंठावर टेकवतो.

भाकरी.
तो मान हलवतो : पुन्हा.
भाकरी.
त्याचे ओठ माझ्याबरोबर मिटतात, उघडतात.
दारात पुढचा पेशंट खोळंबलाय,
त्सिउरी कोट हातात धरून उभी.
पुन्हा.
भाकरी.