नव्वी

वाशीत, सेक्टर नऊच्या सोसायटी हॉलमध्ये
दर गुरुवारी साडेचारला चार टेबलं लागतात.
एकाचा पाय आखूड,
त्याखाली पाणीपट्टीच्या बिलाची घडी.
आम्ही त्याच टेबलावर होतो.

"तीन बिनहुकमी," मी म्हटलं,
आणि टिपणिसांनी पानं समोर उघडी मांडली.
यानंतर डमीला बोलायची मुभा नसते.
पंचवीस गुण होते दोघांत मिळून.
एक्क्याचे चार, राजाचे तीन,
राणीचे दोन, गुलामाचा एक,
दश्शीपासून खाली सगळ्यांना शून्य.
मीही मोजलं ते तेवढंच.

बदाम माझ्याकडे एक्का, राणी, नव्वी, तिर्री,
त्यांच्याकडे राजा, अठ्ठी, दुर्री.
राजाकडे एक बदाम न्यायचा होता.
कुठलाही. बोटाला लागला तो ओढला.
नव्वी होती ती.
टिपणिसांनी चष्मा काढून पुसला,
परत घातला.

राजावर उजवीकडून दश्शी पडली.
पाहिली मी. म्हणजे डोळ्यांना दिसली.
मग डमीची दुर्री, तिच्यावर गुलाम,
गुलामावर माझी राणी. छान चाललं होतं.
मग एक्का वाजवला,
आणि समोरची अठ्ठी मुकाट्याने त्याखाली गेली.

शेवटचं पान, तिर्री.
डावीकडे कुरियाकोसबाई.
त्यांनी सत्ती ठेवली टेबलावर,
अगदी हळू,
झोपलेल्या पोराच्या कडेला उशी लावावी तशी.
आठ हात. एक कमी.

सत्तीने मारलं मला!
तीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात
ढमढेऱ्यांच्या गाळ्यावर हिशेब लिहिला मी.
फळ्यावर गोळा कांद्याचा भाव सगळ्यांत वर, ठळक,
मध्यम त्याच्याखाली,
गोल्टी लिहायचीच नाही,
कोणी विचारली तर सांगायची.
आणि दुपारी दोननंतर,
गोळ्याच्या गाड्या निघून गेल्यावर,
गिऱ्हाईक मध्यमवर हात ठेवून विचारायचं,
"हाच मोठा ना?"
"हाच," मी म्हणायचे,
आणि भाव चढवून लिहायचे.

रिक्षास्टँडपर्यंत टिपणीस गप्प.
मीटर पडल्यावर म्हणाले,
"दश्शी पडली तेव्हा तुम्ही कुठे बघत होतात?"
"पंख्याकडे," मी म्हटलं. खरंच बघत होते.
पंख्याचं एक पातं गंजलंय.
ते हसले नाहीत. सुट्टे माझ्याकडून घेतले.

तेव्हापासून मेथी निवडताना, दार लावताना
पुटपुटते मी. दश्शी गेली. गुलाम गेला.
आता नव्वी कुणाकडे?
सून विचारते, "आई, कुणाशी बोलताय?"
तिला काय सांगू.

काल गुरुवार होता.
तेरा पानं उचलली, चित्र एकही नाही.
इस्पिक दश्शी, नव्वी, अठ्ठी, सत्ती,
बाकी फुटकळ.
गुण शून्य.
"पास," म्हटलं मी.
पण ती चार पानं ओळीने लावली,
अंगठ्याने एकेकीची कड चाचपली,
आणि दश्शी कितव्या हाताला मोठी होते
याची वाट बघत बसले.
पंखा फिरत होता.