डावीकडची लाकडं

उर्मास, ते यंत्र गाडीतच राहू दे.
आधी बस. कॉफी तापतेय.
फेरीबोट फार हलली का आज?

गवत मलाही दिसतं, आंधळी नाही झाले अजून.
एन्डेल असता तर... हेच म्हणणार होतास ना?
एन्डेल असता तर
दर शनिवारी, सौना तापायच्या आत,
दोरी ताणून त्याने कडा कापल्या असत्या,
ट्युलिप उभे असते शाळेच्या रांगेसारखे,
आणि गळालेलं एक पान
संध्याकाळ बघू शकलं नसतं.
मी मागे बादली घेऊन. चाळीस वर्षं.

तो एप्रिलमध्ये गेला. मेमध्ये माझा गुडघा.
जूनभर मी खिडकीत बसून,
आणि अंगण
मास्तर न आलेल्या वर्गासारखं.
आधी सिंहपर्णी पिवळीधमक.
मग पुने, म्हणजे तुझ्या पिझ्झावरचा ओरेगॅनो रे,
कुंपणाखालून न विचारता आत आला
आणि जांभळा होऊन बसला.
सौनाच्या मागे नोगेस वाढली, छातीएवढी,
हात लागला की कोपरापर्यंत आग.
मी म्हटलं, वाढ बाई,
तुला उपटायला आता कुणी खाली वाकत नाही.

आणि मग ती आली.

आधी अळ्या, नोगेसच्या पानांवर,
काळ्याकुळकुळीत, अंगभर पांढरे ठिपके,
कुणी रात्र बारीक चिरून ठेवावी तशा.
पिरेत फोनवर किंचाळली, फवारा मार आई!
मी मारला नाही.
खरं सांगू? आळस केला.
जुलैच्या शेवटी पुन्यावर तांबडे पंख,
पंखांवर निळे डोळे,
मोजता मोजता कॉफी गार झाली.

काय लागतं त्यांना?
पाणी आभाळ देतं, नाहीतर नाही देत.
खत नको, खताने गवत माजतं
आणि फुलं दबतात.
ऑगस्ट संपताना शेजारचा वैनो
लांब दांड्याचा कोयता घेऊन येतो,
अर्धंच कापतो, अर्धं पुढच्या वर्षी.
कापलेलं दोन दिवस तसंच पडू देतो,
आतलं जे असेल त्याला चालत निघून जाता यावं म्हणून.
मजुरी राईचा एक पाव. तोही कधी जळका.

एक गोष्ट पिरेतला सांगू नकोस.
त्या चाळीस वर्षांत आमच्या अंगणात
एकही फुलपाखरू बसलेलं आठवत नाही मला.
यायची. वरच्यावर फिरायची.
चकचकीत फरशी बघून पाहुण्याने
चपला काढू की नको म्हणत
दारातूनच परत जावं, तशी जायची.
एन्डेल म्हणायचा, हल्ली कीटकच कमी झालेत.
मी मान डोलवायची.
मलाही तेच वाटायचं.
त्याच्यावर राग नाही रे.
त्याला सरळ रेषेत प्रेम करता यायचं, दुसरं नाही.

बरं, लाकूडकोठीत जाणार असशील तर ऐक,
डावीकडच्या ढिगाला हात लावू नकोस.
हो, ढीग तिरका झालाय. माहितेय.
गेल्या जानेवारीत एक ओंडका उचलला,
खाली जळक्या सालीचा तुकडा.
चुलीत टाकणार इतक्यात
त्याने पंख उघडले.
चार डोळे, आणि सापासारखा बारीकसा फुत्कार.
बाहेर बर्फ कमरेएवढा,
आत मी, शाल, वाटीएवढा उजेड,
आणि ते मला भीती दाखवत होतं.
मी घाबरले. खरंच.
मग ओंडका हळूच जागेवर ठेवला,
जशी कुणाच्या झोपेची चादर सारखी करावी.

तेव्हापासून उजवीकडचीच लाकडं जाळते.
कोसळला ढीग तर कोसळू दे,
एप्रिलपर्यंत टिकला म्हणजे झालं.

साखर एक की दोन?
आणि बुटाला अळी लागलीय बघ,
झटकू नकोस,
त्या पानावर ठेव.