दोनशे सहावं नाव

यादीत चारशे अकरा नावं.
औलूच्या गोदामामागच्या खोलीत
सकाळपासून एकेक नंबर लावते आहे.
बाहेर डिसेंबर. दहा वाजून गेले तरी
उजाडायचं कुणी मनावर घेत नाही.

वाक्य ठरलेलं, वकिलांनी तपासून दिलेलं:
आपण घेतलेल्या पितळी टांगत्या दिव्याची
अर्थिंगची तार आत कुठेच जोडलेली नाही.
हात लावू नका. आधी फ्यूज काढा.
मग मी थांबते.
माणसं चिडतात, नाहीतर पैसे कधी मिळतील विचारतात.
एक बाई म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं
त्याच्याखाली आम्ही नशिबावर जेवलो का?
याचं उत्तर कागदावर नव्हतं.

इर्या सार्केला, केमी.
फोन म्हाताऱ्यानं उचलला.
ती नाही, म्हणाला.
कधी भेटतील?
दोन वर्षं झाली.

मला दुसरं काय येतंय? तेच वाक्य त्याला वाचून दाखवलं.
तो गप्प. मागे रेडिओवर
बर्फाचा अंदाज, मग एक जाहिरात, मग पुन्हा अंदाज.

"ती म्हणायची, हा दिवा चिमटा काढतो.
पुसताना. फडकं ओलं असलं की जास्तच.
मी कागद गिरणीत एकतीस वर्षं वायरमन.
हात लावून बघितला, म्हटलं, कुठे काय?
पायात रबरी तळाचे बूट,
दुसरा हात खिशात, धंद्याची सवय.
तिचा दुसरा हात असायचा
सिंकच्या स्टीलवर.
आणि घरात ती अनवाणी.
म्हटलं, तुझी बोटंच नाजूक.
मग तिनं तो पुसणंच सोडलं.
धूळ दिसली की मी बोलून दाखवायचो."

मला विचारावं लागतं, म्हणून विचारलं:
कुणाला इजा?
नाही. ती गेली फुप्फुसानं.
पण ते चिमटे लिहा.
किती?
मोजले नाहीत. म्हणजे, मी मोजले नाहीत.

रकाना नऊ: तक्रारदाराचं नाव.
मी इर्या लिहिलं. यंत्रानं हरकत घेतली नाही.
रकाना दहा: यापूर्वी तक्रार केली होती का?
हो. अकरा वर्षांपूर्वी. त्यानंतरही.
रकाना अकरा: कुणाकडे?

घसा खाकरल्याचा आवाज.
"माझ्याकडे," तो म्हणाला.
"टाइस्तो सार्केला. स्पेलिंग सांगू?"

दोनशे सातवा नंबर लागत नव्हता.
दोनशे आठनं ऐकून घेतलं आणि
आणखी दोन दिवे स्वस्तात मिळतील का विचारलं.

चार वाजता, बाहेर पुन्हा काळोख,
नियमाप्रमाणे पुराव्याचा फोटो आला:
वर्तमानपत्रावर ठेवलेला दिवा, कापलेली वायर,
दोन्ही टोकं स्पष्ट दिसतील अशी.
पितळ मात्र घासून लख्ख केलेलं.
तसं करायला आम्ही कुणालाच सांगत नाही.