जीभ दाखव

ग्युमरीत जानेवारीत पाना हाताला चिकटतो.
बाबा तो आधी काखेत धरतात,
ताप मोजावा तसा,
मग बोनेटखाली वाकतात.

आमचं गॅरेज म्हणजे लोखंडी पेटारा,
भूकंपानंतर घर म्हणून मिळालेला.
मी त्यातच रांगायला शिकले.
आता जर्मन गाड्या येतात राहायला,
दोन-दोन दिवस, खोकत.

कॉइल उपटायची. लांब सॉकेट आत सोडायचा.
अर्धा आटा सैल करून थांबायचं,
घाईनं चिनीमाती तडकते.
प्लग वर आला की बाबा म्हणतात,
"जीभ दाखव."

कोरडी काजळी: शाळा, दुकान, घर,
तापायच्या आत बंद होणारं इंजिन.
ओली काळी: तेल पितंय.
बिस्किटासारखी फिकट: जा, सुखी राहा.
आणि ही, गेल्या शरदापासून रोज दिसणारी,
लाल,
आमच्या देवळाच्या दगडासारखी.

"लोखंड," बाबा सांगतात,
"हलक्या पेट्रोलचा आकडा फुगवायला घालतात.
जळतं, पण जात नाही.
गंजाचा पातळ पदर बसतो चिनीमातीवर,
आणि ठिणगी, जिनं उडी मारायची,
ती पदराच्या कडेनं चालत घरी जाते."

म्हातारी लाडा काहीही पचवायची.
हिच्या सिलिंडरात पेट्रोल थेट उतरतं,
केसाएवढ्या भोकांतून, दोनशे पट दाबानं.
घासातला खडा
हिला पहिल्यांदा कळतो.

शुक्रवारी रझमिक आला.
वरच्या रस्त्यावरचा पंप त्याचा.
बाप्तिस्म्याला त्यानंच मला हातांत धरलेलं,
आणि मी त्याच्या कोटावर ओकले,
हे तो दर ईस्टरला सगळ्यांना सांगतो.
ब्रेक वाजतात, म्हणाला.
ब्रेक झाले.
तो बाहेर फोनवर, बाबा कॉफीवर,
ती उतू जाते म्हणून नजर तिच्यावर.

मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी त्याच्या गाडीचा तिसरा प्लग काढला.

बिस्किट.
तीस हजार किलोमीटर,
आणि बिस्किट.

कॉफी उतू गेली.
बाबांनी प्लग घेतला, उजेडाकडे फिरवला,
दाताला लावतात की काय असं वाटलं.
मग त्यांनीच तो परत बसवला,
टॉर्कच्या पान्यानं, हळू,
टक् वाजेपर्यंत.

रझमिकनं पाकीट काढलं नव्हतं,
वीस वर्षांत कधीच काढलं नव्हतं.
बाबांनी हात पुढे केला.
तो हसला, मग हसायचा थांबला,
नोटा मोजल्या.

निघताना खिडकीपाशी घुटमळला.
लाल प्लगांची रांग होती तिथे,
चाळीसेक, ऊन खात.
"हे कसलं भंगार जमवता?"

"गिऱ्हाइकं," बाबा म्हणाले.
थोडं थांबून, पाना काखेत सारत,
"तुझी."